जुन्या ट्रॅक्टरची क्रँक पुली: ठोकून नव्हे, ओढून काढा

खरीप तोंडावर आला की जुना ट्रॅक्टर बाळगणाऱ्यांचे तेच ते प्रश्न सुरू होतात. इंजिनाच्या पुढून तेल ठिबकते आहे, सील बदलायचे तर पुली काढावीच लागेल का? नट सुटला पण पुली जागची हलत नाही, घण मारू का? पुली काढली की टाइमिंग बिघडते हे खरे का? नवी पुली बसवूनही थोड्याच दिवसांत चावी का तुटली?

या गोंधळाचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. क्रँक पुली म्हणजे पंख्याचा पट्टा फिरवणारी एक लोखंडी चकती, असे आपण धरून चालतो. ती बसलेली असते क्रँकशाफ्टच्या नाकावर. तिच्यावर घातलेला घाव आतल्या बेअरिंगपर्यंत पोचतो. पुली फुटली तर नवी मिळते. क्रँकचे टोक बिघडले तर अख्खे इंजिन खोलावे लागते. म्हणून हे काम हाती घेताना घाई आणि घण, दोन्ही बाजूला ठेवा.

आधी ठरवा: पुली खरोखर काढायची आहे का?

इंजिनाचा पुढचा भाग डिझेलने धुऊन पुसून कोरडा करा. टाइमिंग कव्हरवर थोडी खडूची पूड लावा. इंजिन दहा मिनिटे चालवा, बंद करा आणि तेल कुठून उतरते ते बॅटरीच्या उजेडात पाहा. इंजिन चालू असताना हात, गमछा किंवा सैल बाही पट्ट्याजवळ नेऊ नका.

- पुलीच्या मागे गोलाकार ओल आणि आजूबाजूला तेलाचे शिंतोडे दिसले, तर पुढचे ऑइल सील गेले आहे. पुली काढावी लागेल.
- ओल वरून खाली आली असेल, तर टॅपेट कव्हरचे पॅकिंग किंवा टाइमिंग कव्हरवर बसवलेला एखादा पंप तपासा. पुलीला हात लावायची गरज नाही.
- कव्हरच्या कडेने पाझर असेल, तर कव्हरचे पॅकिंग गेले आहे. त्यासाठी पुली आणि कव्हर दोन्ही काढावे लागतील.
- इंजिन बंद असताना पुली हाताने डगडगत असेल, तर ट्रॅक्टर चालवणे तिथेच थांबवा. पुलीला क्रँकवर घसरू न देणारी चावी आणि तिची खाच दोन्ही झिजत आहेत.

सील बदलूनही गळती परत येत असेल, तर ब्रीदर पाहा. तो मातीने, काजळीने बुजला की इंजिनाच्या पोटात दाब साठतो आणि नव्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. ब्रीदर साफ असूनही त्यातून जोरात धूर येत असेल, तर रिंगा आणि लायनर थकले आहेत. अशा वेळी नुसत्या सीलवर खर्च करून उपयोग होत नाही.

तुमची पुली कोणत्या प्रकारची आहे?

जुने महिंद्रा बी-२७५, मॅसी फर्ग्युसन १०३५, फोर्ड ३६००, एचएमटी २५११, स्वराज ७३५ असे ट्रॅक्टर आजही गावोगाव चालतात. प्रत्येकाची पुढची रचना सारखी नसते. त्यामुळे शेजाऱ्याने त्याच्या ट्रॅक्टरची पुली जशी काढली, तशीच तुमची निघेल असे गृहीत धरू नका. आधी पुढून नीट पाहा.

- मधोमध एकच मोठा नट किंवा बोल्ट: पुली अर्धचंद्राकृती किंवा सरळ चावीवर बसते आणि हा नट तिला दाबून धरतो.
- दातेरी नट: हँडल मारून चालू होणाऱ्या इंजिनांत नटालाच हँडल अडकवायचे दाते असतात. तो छिन्नीने ठोकून फिरवण्याची पद्धत सर्रास दिसते. त्याने दाते तुटतात आणि नट पुढे कुठल्याच पान्यात बसत नाही. त्याला योग्य मापाचा बॉक्स पानाच हवा.
- हबवर तीन-चार बोल्टनी बसवलेली पुली: नुसती पुली बदलायची असेल, तर हे छोटे बोल्ट पुरतात. सील बदलायचे असेल तरच हब काढा.
- दोन लोखंडी कड्यांमध्ये रबराचा थर असलेली पुली: ती क्रँकचे कंपन शोषते. तिला बाहेरच्या कड्याने कधीही ओढू नका, रबर सुटते.

पान्यांचीही अडचण असते. ब्रिटिश किंवा अमेरिकी रचनेवरून आलेल्या जुन्या ट्रॅक्टरांत इंची, म्हणजे सुताच्या मापाचे नट-बोल्ट सापडतात. झेटरच्या रचनेवरून आलेल्या एचएमटीत एमएमचे. शिवाय मधल्या काळात कोणी काय बदलले असेल ते सांगता येत नाही. पाना बसवून पाहा. किंचित जरी सैल वाटला तरी तो वापरू नका. घट्ट नटावर सैल पाना एकदा सटकला की नटाचे कोपरे मरतात.

जमवून ठेवायची हत्यारे

- योग्य मापाचा जाड बॉक्स पाना, मजबूत दांडा आणि सुमारे मीटरभर लांब पाइप
- पुलर: हबच्या आट्यांत बोल्ट घालून ओढणारा असेल तर उत्तम
- गंज सोडवणारे तेल, वायर ब्रश, बारीक पॉलिश पेपर
- नवे ऑइल सील, नवी चावी, नवी लॉक प्लेट किंवा लॉक वॉशर. पट्टा जुना असेल तर तोही
- टॉर्क रिंच. विकत घेण्याची गरज नाही. गावातल्या गॅरेजवाल्याकडून तासाभरासाठी मागून घ्या

पुलर नसेल तर काम सुरूच करू नका. पहारीने उचकटून पुली काढताना टाइमिंग कव्हर तडकते, आणि जुन्या मॉडेलचे कव्हर शोधत भंगार बाजार पालथा घालावा लागतो.

जागा मोकळी करा

1. ट्रॅक्टर सपाट, कडक जमिनीवर उभा करा. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा.
2. बॅटरीची अर्थची वायर काढा. इंजिन बंद करायची दांडी ओढलेल्या स्थितीत बांधून ठेवा. जुने डिझेल इंजिन हाताने फिरवतानाही एखादा ठोका घेऊ शकते.
3. इंजिन थंड झाल्यावरच रेडिएटरचे पाणी काढा. त्यात कूलंट असेल तर ते भांड्यात धरा आणि गुरे-वासरे, कुत्री यांच्यापासून दूर ठेवा. कूलंट चवीला गोड असते आणि पोटात गेले तर विषारी ठरते.
4. बोनेट, पुढची जाळी, रेडिएटर आणि पंखा गरजेप्रमाणे काढा. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो घ्या.
5. डायनॅमो किंवा अल्टरनेटरचा बोल्ट ढिला करून पट्टा काढा. पट्टा टॉमीने खेचून काढू नका.

कित्येक ट्रॅक्टरांत पुलीच्या अगदी पुढ्यात एक्सल धरणारा ओतीव सपोर्ट असतो. पुली निघायला तिथे हातभर जागा उरत नाही, आणि मग पुढचा भागच इंजिनापासून वेगळा करावा लागतो. तसे असेल तर हे काम घरी करू नका. पुढचा एक्सल मधल्या पिनवर झुलतो. पाचर न मारता आणि इंजिनाखाली भक्कम घोडी न लावता बोल्ट सोडले, तर ट्रॅक्टर कलंडू शकतो. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणे तर जिवाशी खेळ आहे.

फक्त पुली आणि सील काढायचे असेल, तर इंजिन ऑइल उपसावे लागत नाही.

नट सोडवताना

नट आणि लॉक प्लेट वायर ब्रशने घासा. लॉक प्लेटचे दुमडलेले कान सरळ करा. गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर मुरू द्या.

नट फिरवताना क्रँकही फिरतो, त्याला रोखायला हवे. त्यासाठी दोन मार्ग आहेत.

- गिअर आणि ब्रेक: ट्रॅक्टर चाकांवर उभा असेल, तर वरचा गिअर टाका, ब्रेक लॉक करा आणि क्लचवरून पाय काढा. बरेच जण पहिला गिअर टाकतात. पण पहिल्या गिअरमध्ये नटावर लावलेला जोर कित्येक पटींनी वाढून चाकांपर्यंत जातो आणि चाके ढळतात.
- फ्लायव्हीलचे दाते: स्टार्टर काढून त्या जागेतून फ्लायव्हीलच्या रिंगच्या दात्यांत रुंद, सपाट पट्टी अडकवा. स्क्रू ड्रायव्हर वापरलात तर दात तरी तुटतो नाही तर स्क्रू ड्रायव्हर.

पुलीच्या आऱ्यांत किंवा पंख्यात पहार अडकवून क्रँक रोखू नका. पान्याचा दांडा जमिनीला टेकवून स्टार्टर मारण्याची युक्तीही टाळा. पाना उडून माणूस जखमी होतो.

बहुतेक इंजिनांत आटे उजवे असतात, म्हणजे समोरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने नट सुटतो. तरी थोडा दिसणारा आटा पाहून खात्री करा. पान्याला पाइप लावून सलग, वाढता जोर द्या. गॅरेजमध्ये हवेची इम्पॅक्ट गन असेल, तर नट सोडवायला ती वापरता येते. आवळायला मात्र नाही.

पुली बाहेर ओढताना

नट सुटला म्हणून तो पूर्ण काढून टाकू नका. क्रँकच्या टोकाच्या पातळीत येईल इतपत त्याला आट्यांवर ठेवा, म्हणजे पुलरच्या दाबाने क्रँकचे आटे पसरत नाहीत. मध्ये बोल्ट असलेल्या इंजिनात बोल्ट काढून भोकावर जाड लोखंडी तुकडा ठेवा; पुलरचा स्क्रू त्याच्यावर टेकवा.

हबवर दोन-तीन आट्यांची भोके असतील, तर ती पुलरसाठीच दिलेली असतात. त्यांच्याच मापाचे बोल्ट घ्या आणि ते बोल्टच्या जाडीइतके तरी आत जाऊ द्या. भोके नसतील तर पुलरचे पाय हबच्या मागे अडकवा. पट्ट्याच्या खाचेच्या ओठावर पुलर लावू नका; ओतीव लोखंड तिथेच फुटते.

स्क्रू आवळत न्या. ताण बसला की थांबा, पुन्हा तेल सोडा, पुलरच्या स्क्रूच्या डोक्यावर हातोड्याने हलकीशी टिचकी द्या आणि थोडा वेळ जाऊ द्या. अडून बसलेली पुली अनेकदा याच थांब्यात सुटते. तरीही नाही हलली, तर हब चारही बाजूंनी सारखा गरम करा. पण सील बदलणार असाल तरच. आच सीलला लागतेच. आधी आजूबाजूचे तेल आणि डिझेल पुसून काढा, वाळूची बादली जवळ ठेवा. तापलेल्या पुलीवर पाणी ओतू नका.

पुली ढिली झाली की नट पूर्ण काढा. पुली बाहेर येताच चावी शोधून जपून ठेवा. ती आतच राहिली असेल, तर पक्कडीने नव्हे, मऊ धातूच्या दांड्याने हलके ठोकून काढा.

आता टाइमिंगच्या प्रश्नाकडे. पुली काढल्याने टाइमिंग बिघडत नाही. त्याचे गिअर कव्हरच्या आत, स्वतःच्या खुणांवर जुळलेले असतात. फक्त दोन गोष्टी सांभाळा. काही इंजिनांत पुढचा नट पुलीबरोबर आतला क्रँक गिअरही दाबून धरतो. म्हणून पुली नसताना इंजिन फिरवू नका. आणि खुणा पुलीवर असतील, तर काढण्याआधी त्या रंगाने ठळक करून ठेवा. काही ट्रॅक्टरांत या खुणा फ्लायव्हीलवर असतात.

पुली परत वापरावी की नवी घ्यावी?

- तडा: पुली रॉकेलने भिजवा, कोरडी पुसा आणि खडूची पूड लावा. तडा असेल तर त्यातले रॉकेल झिरपून खडूवर गडद रेघ उमटते. तडा गेलेली ओतीव पुली वेल्डिंग करून वापरू नका.
- सील घासते ती जागा: नख फिरवा. नख अडकले म्हणजे चर पडला आहे. तिथे नवे सील टिकणार नाही. त्यावर पातळ स्टीलची स्लीव्ह बसवून घ्या किंवा पुली बदला. चर हलका असेल आणि कव्हरमध्ये जागा असेल, तर सील एक-दोन मिलिमीटर मागे-पुढे बसवता येते. लेथवर जागा उतरवून घेण्याचा सल्ला मानू नका; व्यास कमी झाला की सीलची पकड सुटते.
- चावीची खाच: नवी चावी खाचेत दाबून बसली पाहिजे. डगडगली तर खाच रुंदावली आहे. पुलीची खाच गेली असेल तर पुली बदला. क्रँकची खाच गेली असेल तर मशीन शॉपचा सल्ला घ्या. पत्र्याचा तुकडा घालून चावी घट्ट करण्याचा उपाय टिकत नाही. नव्या पुलीतही चावी वारंवार तुटते ती रुंदावलेल्या खाचेमुळेच, नाही तर नट पुरेसा न आवळल्यामुळे.
- पट्ट्याची खाच: खाचेचा तळ चकाकत असेल, तर पट्टा बाजूंऐवजी तळाला घासतो आहे. नवा पट्टा घालूनही तसेच होत असेल, तर पुली झिजली आहे.

सुटा भाग घेताना जुना भाग आणि इंजिनाच्या पाटीवरचा नंबर, दोन्ही सोबत न्या. नुसते मॉडेलचे नाव पुरत नाही. एकाच नावाच्या ट्रॅक्टरमध्ये काळानुसार इंजिन बदललेले असू शकते.

सील बसवताना

जुने सील काढण्याआधी ते किती खोल आणि कोणत्या तोंडाने बसले आहे ते मोजून ठेवा. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे आत. सीलच्या बाहेरच्या व्यासाच्या पाइपाचा तुकडा किंवा जुने सील मध्ये धरून सगळीकडून सारखे ठोका. ओठाला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावा. कोरडे सील पहिल्याच मिनिटाला जळते.

पुली पुन्हा बसवताना

1. क्रँकचे टोक, खाच आणि आटे स्वच्छ करा. कपची किंवा वाळूचा कण राहिला, तर पुली तिरकी बसते.
2. चावी खाचेत सपाट बसवा. तिचा मागचा भाग वर उचललेला राहिला, तर पुली तिला ढकलत नेते आणि अडकते.
3. चावीच्या खाचेत सीलंटचा बारीक थर द्या. सील चांगले असूनही या खाचेतून तेल झिरपल्याची उदाहरणे बरीच आहेत.
4. पुलीच्या आत तेलाचा हात फिरवा, खाच चावीसमोर धरा आणि पुली हाताने जाईल तितकी सरकवा. फारच घट्ट असेल तर पुली उकळत्या पाण्यात काही मिनिटे ठेवा, कोरडी करा आणि जाड हातमोजे घालून बसवा. रबराचा थर असलेल्या पुलीला हा उपाय नको.
5. उरलेले अंतर नट आणि जाड वॉशरने ओढून घ्या. बोल्ट दोन-तीन आट्यांवरच लटकत असेल, तर तात्पुरता लांब बोल्ट वापरा. नाही तर क्रँकच्या आतले आटे मरतात. इथेही हातोडा नको.
6. नवी लॉक प्लेट घालून कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कने नट आवळा. अंदाजे आकडा चालत नाही, कारण प्रत्येक इंजिनाचा वेगळा असतो.

टॉर्क रिंच मिळाला नाही, तर एक हिशेब लक्षात ठेवा. नटाच्या मध्यापासून एक मीटर अंतरावर पान्याला काटकोनात २० किलोचा जोर दिला, की सुमारे २०० न्यूटन-मीटर होतात. ३० किलोला सुमारे ३००. जोर मोजायला धान्य तोलायचा स्प्रिंगचा काटा चालतो. हे कामचलाऊ आहे, पण नुसत्या अंगमेहनतीच्या अंदाजापेक्षा कितीतरी बरे.

चालू करण्याआधी आणि नंतर

- क्रँक, पाण्याचा पंप आणि डायनॅमो यांच्या पुली एका ओळीत आहेत का, ते सुतळी ताणून पाहा.
- पट्ट्याच्या सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबा. साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला की ताण ठीक. जास्त ताणलात तर पाण्याच्या पंपाचे बेअरिंग जाते.
- इंजिन बंद करायची दांडी अजून ओढलेलीच ठेवून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडले तर तिथेच थांबा.
- पाणी भरा, बॅटरी जोडा, दांडी सोडा, इंजिन कमी रेसवर पाच मिनिटे चालवा. बाजूला उभे राहून पुली लचकत नाही ना, ते पाहा.
- पट्टा नवा असेल तर पहिल्या काही तासांत सैल होतो. ताण पुन्हा तपासा.

गॅरेजमध्ये काम दिलेत तर

घरी जमत नसेल तर कमीपणा मानू नका. मात्र काम देतानाच या गोष्टी स्पष्ट करा.

- पुलर आहे का, ते विचारा. नसेल तर दुसरे गॅरेज बघा.
- कोणते भाग बदलणार, मजुरी किती, हे आधी लिहून घ्या. बदललेले जुने भाग परत मागा.
- पक्के बिल घ्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे.
- काम करताना कव्हर फुटले किंवा क्रँक बिघडला, तर फोटो काढा आणि भरपाईची मागणी लेखी द्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोला.
- जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत २ वर्षांची आहे. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही.

स्वतःच्या उपजीविकेसाठी ट्रॅक्टर वापरणारा शेतकरी या कायद्याने ग्राहक ठरतो. माणसे ठेवून भाड्याने ट्रॅक्टर चालवण्याचा मोठा व्यवसाय असेल, तर यावर हरकत घेतली जाऊ शकते.

हे काम पेरणीच्या घाईत काढू नका. मृगाच्या आधी, ट्रॅक्टर दोन दिवस उभा ठेवता येईल तेव्हा काढा, म्हणजे नटाला तेल मुरायला रात्र मिळते आणि सुटा भाग शोधायला दुसरा दिवस. आणि पुलर हाती नसताना कोणी घण उचललाच, मग तो मेकॅनिक असो की घरचा माणूस, तर त्याला तिथेच थांबवा.